बोटीवरचं एक सत्र: विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी मूळची रत्नागिरीची. अमेरिकेत पदवीला असताना त्यातलं एक सत्र मी ‘सेमिस्टर ॲट सी’ या उपक्रमाच्या बोटीवर केलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून हवाई, जपान, चीन, व्हिएतनाम, म्यानमार, कोची, मॉरिशस, केप टाउन, घाना, मोरोक्को आणि शेवटी जर्मनी, असा आमचा मार्ग होता. तेव्हापासून सांगली-नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांतून फोन येतात. कधी मुलं विचारतात, बहुतेक वेळा आई-बाबा. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

हे मर्चंट नेव्हीचं शिक्षण आहे का?

नाही. तिकडे जायचं असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी, नवी मुंबईचं ‘चाणक्य’ अशी वेगळी वाट आहे. इथे विद्यार्थी बोट चालवायला शिकत नाहीत, बोटीवर राहून आपापले विषय शिकतात: अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, समुद्रविज्ञान, साहित्य, व्यवस्थापन. कॉलेजच उचलून बोटीवर ठेवलं आहे असं समजा. वर्गखोल्या, ग्रंथालय, दवाखाना, सगळं आहे. साधारण साडेतीन महिन्यांचं सत्र, दहा-अकरा देश. २०१६ पासून कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी या उपक्रमाची शैक्षणिक भागीदार आहे आणि माझी गुणपत्रिका तिथूनच आली.

ही कल्पना कुणाची?

कॅलिफोर्नियातले उद्योजक विल्यम ह्यूज यांनी ती प्रत्यक्षात आणली. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज’ या नावाने पहिली बोट १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कहून सुटली. पुढे चॅपमन कॉलेज, पिट्सबर्ग, व्हर्जिनिया अशी विद्यापीठं बदलत गेली, बोटीही बदलल्या. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांचं या कल्पनेवर इतकं मन बसलं की त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ ही प्रचंड प्रवासी बोट विकत घेतली आणि तिचं तरंगतं विद्यापीठ करायला काढलं. काम जवळपास पुरं होत आलं असताना ९ जानेवारी १९७२ ला हाँगकाँग बंदरातच ती जळाली. उपक्रम मात्र थांबला नाही, तुंग यांच्याच दुसऱ्या एका बोटीवर तो पुढे अनेक वर्षं चालला.

मी गेले ती ‘वर्ल्ड ओडिसी’. १९९८ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ती ‘डॉइचलँड’ नावाने बांधली गेली. लांबी १७५ मीटर. जुन्या धाटणीची झुंबरं आणि पितळी कठडे तसेच ठेवले आहेत. आमचं मोठं व्याख्यान ‘कैझरझाल’ नावाच्या नृत्यगृहात व्हायचं. खवळलेल्या समुद्रात डोक्यावरचं झुंबर किणकिणायला लागलं की प्राध्यापक क्षणभर थांबायचे आणि मग पुढे बोलायचे.

रोज वर्ग असतात का, की नुसतं फिरणं?

समुद्रात असाल त्या जवळपास प्रत्येक दिवशी वर्ग असतात. शनिवार-रविवार ही भानगड नाही. एक दिवस ‘अ’, दुसरा ‘ब’, विषय त्यानुसार वाटलेले. बंदरात बोट लागली की वर्ग बंद. जगाच्या प्रश्नांवरचा एक समाईक विषय सगळ्यांना घ्यावाच लागतो आणि तो मार्गाला बांधलेला असतो, म्हणजे पुढच्या बंदरात जे दिसणार ते आधी इथे कानावर पडतं. शिवाय प्रत्येक विषयाला कुठल्यातरी एका बंदरात दिवसभराचा क्षेत्रवर्ग असतो. तो चुकवला तर गुण जातात, त्यावर लेखनही करावं लागतं. माझ्या एका विषयाचा क्षेत्रवर्ग जपानमधल्या कोबेमध्ये होता: १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपाचं स्मारक-संग्रहालय. साडेसहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या भूकंपात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप मला घरच्यांच्या बोलण्यातूनच माहीत होता. तिथून परतल्यावर मी त्या दोन्हींची तुलना करणारा निबंध लिहिला आणि कॉलेजातल्या माझ्या सगळ्या लिखाणात तोच मला आजही जवळचा वाटतो.

वेळेचा गोंधळ होतो का?

पश्चिमेकडे जाताना दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर मागे जातं, झोप जास्त मिळते. पूर्वेकडे जाणाऱ्यांचे हाल उलटे. हवाई आणि जपानच्या मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना आमचा एक अख्खा वार गळून पडला. आजी दर संकष्टीला चंद्रोदय विचारायची. मी धीर करून बोटीवरच्या एका अधिकाऱ्याला विचारलं, तर त्याने त्या रात्रीच्या आमच्या स्थानावरची वेळ पंचांगासारख्या जाड पुस्तकातून काढून दिली. कॅलेंडरवर छापलेल्या रत्नागिरीच्या वेळेशी तिचा काही संबंध नव्हता, पण आजीला ती पटली. नंतर तो अधिकारीच पुढच्या संकष्टीची तारीख मला विचारायला लागला.

दोन-चार दिवसांत एखादा देश काय कळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन दिवसांत देश कळत नाही, हे खरंच आहे. पण हा प्रश्न विचारणारे फक्त बंदरं मोजतात. बंदराच्या आधीचे समुद्रातले दिवस आणि नंतरचे दिवस हिशेबात धरत नाहीत.

मॉरिशसला आम्हाला जेमतेम एक दिवस मिळाला. पण त्याआधी कोचीहून निघून सहा दिवस पाण्यावर होतो. त्या सहा दिवसांत गिरमिटियांवर वाचन झालं: १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर मॉरिशसला नेली गेली. मुंबई बंदरातूनही बोटी गेल्या आणि त्यात कोकणातली, साताऱ्याकडची माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हे मी वाचत होते ते त्याच पाण्यावरून जाताना. आमच्या बोटीला सहा दिवस लागले, शिडाच्या गलबतांना कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुईला उतरून मी सरळ आप्रवासी घाटावर गेले. बोटीतून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढून वर आली, त्या सोळा पायऱ्या तिथे जपून ठेवल्या आहेत. मी रत्नागिरीहून विमानाने आले असते तर पाच मिनिटं बघून पुढे गेले असते. बोटीतून उतरून, पायाखालची जमीन अजून हलते आहे असं वाटत असताना त्या पायऱ्यांपुढे उभं राहणं निराळं होतं. मी तिथे तासाभराहून जास्त वेळ बसले. समुद्रकिनाऱ्याची सहल माझी बुडाली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

घानाचंही तसंच. केप टाउनहून तिथे पोचायला जवळपास आठवडा लागला. केप कोस्टच्या किल्ल्यात गुलामांना डांबायच्या कोठड्या आहेत आणि पुरुषांच्या कोठडीच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं. समुद्राकडे उघडणारं दार आहे, त्यातून माणसं बोटींवर चढवली जात. त्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात एरवीचा गलका नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात एक कृष्णवर्णीय अमेरिकन मैत्रीण बोलायला उभी राहिली आणि बराच वेळ तिला बोलता आलं नाही. आम्ही सगळे थांबलो. कुणालाही कुठे जायची घाई नव्हती, जायला जागाच नव्हती, चारी बाजूंनी अटलांटिक. बसच्या सहलीत हे होत नाही. म्हणून कुणी ‘किती देश झाले?’ असं विचारलं की मी ‘किती दिवस समुद्र होता?’ ते सांगते.

बोट लागते का?

लागते. कॅलिफोर्निया ते हवाई हे पहिले सहा दिवस बहुतेकांना त्रास होतो, मग शरीर सरावतं. आलेपाक भरपूर न्या, मी नेलेला अर्धा वर्ग खायचा. बोटीवर हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं द्यायची पद्धत आहे आणि त्यांचा खरंच उपयोग होतो. गोळ्या किंवा कानामागे लावायची पट्टी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, ओकाऱ्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. केबिन निवडता आली तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे डोलणं सर्वांत कमी. पुढच्या टोकाची टाळा.

मी समुद्रकाठची, मला काय होणार, असं मला वाटलं होतं. मॉरिशस ते केप टाउन या टप्प्यात मी दोन दिवस आडवी होते. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने अगुल्हास हा जोरदार प्रवाह नैऋत्येकडे वाहतो. समोरून नैऋत्येचा वारा सुटला की तिथल्या लाटा उभ्या चढतात. किनाऱ्यावर राहणं आणि समुद्रावर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कळलं.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. भात, उकडलेल्या भाज्या, सॅलड, पास्ता, बटाटा आणि डाळ किंवा कडधान्य काहीतरी असतं. उपाशी राहणार नाही, पण जेवणाला फोडणीचा वास नसतो. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं घट्ट झाकणाच्या डब्यात न्या आणि बोटीवरच खा. बऱ्याच देशांत फळं, बिया, घरगुती खाणं किनाऱ्यावर न्यायला बंदी असते. केबिनमध्ये किटली, इस्त्री, मेणबत्ती काहीही चालत नाही, कारण बोटीवर आगीइतकी दुसरी भीती नसते. म्हणून निरांजनसुद्धा नाही. पाडव्याला मी पडद्याच्या दांडीला ओढणीची छोटी गुढी बांधली होती, त्याला कुणाची हरकत नव्हती.

राहायचं कसं? कपडे कोण धुतं?

दोघं किंवा तिघं एका केबिनमध्ये. खिडकीची केबिन महाग, बिनखिडकीची स्वस्त. मी बिनखिडकीची घेतली आणि वाचलेले पैसे बंदरांवर खर्च केले, तुम्हीही तेच करा. कपडे पिशवीत भरून बोटीच्या धुलाईला द्यायचे, पैसे वेगळे. नाजूक कपडे आणूच नका.

फक्त विद्यार्थीच असतात का?

नाही, आणि मला हे फार आवडलं. प्राध्यापक कुटुंबासह येतात, त्यांची लहान मुलं व्हरांड्यातून धावत असतात. निवृत्त माणसंही पैसे भरून येतात आणि मागच्या बाकावर बसून वर्ग ऐकतात. बोटीवर ‘कुटुंब’ जोडून द्यायची प्रथा आहे. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी आम्हा चौघींना नातवंडं मानलं होतं आणि दर आठवड्याला आम्ही त्यांच्याबरोबर जेवायचो. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या आर्चबिशप डेस्मंड टुटूंसारखी व्यक्तीही सत्रभर विद्यार्थ्यांबरोबर प्रवासाला आली आहे, एकदा नाही, अनेकदा. शिकवणाऱ्यांपाशी जेवायला बसता येतं, पुढच्या बंदराबद्दल विचारता येतं. संकोच सोडा आणि त्यांच्या टेबलावर जाऊन बसा.

डोकं भादरतात म्हणे, ते खरं का?

विषुववृत्त ओलांडायच्या दिवशी ‘नेपच्यून डे’ असतो. आमचा तो कोची आणि मॉरिशसच्या मधे आला. खलाशी पहाटे भांडी बडवत सगळ्यांना उठवतात, अंगावर रंगीत चिकट पाणी ओततात, माशाचा मुका घ्यायला लावतात आणि समुद्रदेवापुढे हजेरी होते. पुष्कळ मुलं-मुली त्या दिवशी खरोखर डोक्याचा गोटा करून घेतात. सक्ती अजिबात नाही. मी केस काढले नाहीत. माझ्या पणजीचं केशवपन झालं होतं आणि ती आठवण आमच्या घरात अजून ओली आहे. मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी हे सांगितलं. एकीने तोवर डोकं भादरून घेतलं होतं, ती ऐकत माझ्याशेजारी बसून राहिली. तिच्यासाठी ते मोकळं होणं होतं, माझ्यासाठी नव्हतं. दोन्ही खरं होतं. शिवाय ‘समुद्र-ऑलिम्पिक’ असतं: केबिनच्या व्हरांड्यांना समुद्रांची नावं देऊन त्यांच्यात सामने लावतात.

स्वतःच्या देशात परदेशी बोटीतून उतरताना कसं वाटतं?

कोची येण्याच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे डेकवर गेले तर वाऱ्याला ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. किनारा दिसायच्या आधी वास आला. इतक्या देशांच्या मुलांत मी एकदम यजमान झाले होते: किती पैसे द्यायचे, देवळात चपला कुठे काढायच्या, पाणी कुठलं प्यायचं. आणि मला मल्याळम एक अक्षर येत नव्हतं! ‘तुझ्याच देशात तुला भाषा येत नाही?’ याचं उत्तर देता देता भारत म्हणजे काय हे मीच पहिल्यांदा नीट मांडलं.

ज्या विलिंग्डन बेटाजवळ बोट लागते ते रॉबर्ट ब्रिस्टो या बंदर-अभियंत्याच्या देखरेखीखाली गाळ उपसून, भर घालून तयार केलेलं आहे. तिथून साध्या फेरीबोटीने फोर्ट कोचीला जा, टॅक्सी करू नका. मासेमारीची चिनी जाळी, १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनामंदिर, वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी जिथे पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च, सगळं पायी होतं. आई-बाबा रत्नागिरीहून रेल्वेने आले होते. बोटीची शिडी उतरून मी त्यांना भेटले. आई म्हणाली, ‘विमानतळावर घ्यायला येतो तसं वाटलंच नाही गं.’

बोट चुकली तर?

प्रत्येक बंदराला बोटीवर परतायची ठरलेली वेळ असते आणि ती सुटायच्या बरीच आधीची असते. उशीर झाला तर पुढच्या बंदरात काही तास बोटीवरच अडकवून ठेवतात. व्हिएतनाममधल्या होचिमिन्ह सिटीच्या रहदारीत माझा हिशेब चुकला आणि पुढच्या बंदरात सगळे उतरत असताना मी कठड्यापाशी उभी होते. चूक माझी होती. बोट खरंच सुटली तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं, व्हिसासकट. परतीच्या दिवशी दुसऱ्या शहरात राहू नका. बोटीच्या एजंटाचा आणि वकिलातीचा पत्ता असलेला कागद खिशात ठेवा, फोनची बॅटरी संपते.

सुरक्षित आहे का? मुलीला पाठवावं का?

तुमची काळजी मला समजते, माझ्या घरीही ती होतीच. दोन घटना माहीत असाव्यात. २६ जानेवारी २००५ ला उत्तर पॅसिफिकमध्ये सुमारे ५० फुटांच्या लाटेने तेव्हाच्या ‘एक्सप्लोरर’ बोटीच्या चालककक्षाच्या काचा फुटल्या, इंजिनं बंद पडली, मग ती होनोलुलूला आणली गेली. आणि १९९६ च्या मार्चमध्ये आपल्याच देशात, आग्र्याच्या वाटेवर बसच्या अपघातात चार विद्यार्थिनी गेल्या. धोका समुद्रापेक्षा रस्त्यावर जास्त असतो. रात्रीचा लांब रस्ताप्रवास करायचा नाही, सीटबेल्ट नसलेल्या गाडीत बसायचं नाही, एकटीने दारू पिऊन परतायचं नाही, हे मुलालाही सांगा, फक्त मुलीला नको. मुलगी म्हणून थांबवत असाल तर एवढंच आठवा: आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आणि समुद्र ओलांडणं तेव्हा पाप समजलं जाई. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या.

व्हिसा आणि लशींचं काय?

भारतीय पासपोर्टवर सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. सहा महिने आधी सुरुवात करा. जपान, चीन, घाना, शेंगेन (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा समाईक) असे बरेच व्हिसा आधीच हातात लागतात. मॉरिशसला त्रास नाही. काही ई-व्हिसा फक्त विमानतळांवर चालतात, बंदरावर नाही, हे प्रत्येक देशाचं तपासा. अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर असाल तर आधी तुमच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जा, मगच अर्ज भरा. अमेरिकन पासपोर्टवाल्या मराठी मुलांनी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना भारत सरकार देतं ते) घरी विसरू नये. घानासाठी पीतज्वराची लस लागते. ती भारतात अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं.

खर्च किती?

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाच्या एका सत्राइतका धरा. केबिनप्रमाणे आकडा बदलतो. बंदरांवरचा खर्च, व्हिसा, लशी, विमानभाडं वेगळं. शिष्यवृत्त्या आहेत, बोटीवर काम करून सूट मिळवायची सोयही आहे. त्यासाठी लवकर अर्ज करावा लागतो. कर्ज काढून जावं का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. भारतातल्या विद्यापीठात शिकत असाल तर हे श्रेयांक तिथे धरले जातील का, ते आधी लेखी घ्या.

घरच्यांशी बोलता येतं का?

समुद्रात इंटरनेट मोजकं. रोज व्हिडिओ कॉलची सवय असेल तर ती मोडून जा आणि घरच्यांनाही तसं सांगून ठेवा. बोटीचं स्थान इंटरनेटवर दिसतं, त्याने पालकांना धीर येतो.

बरोबर काय न्यावंच?

मऊ तळव्याचे बूट, एक गरम जाकीट, औषधं, दोन कुलपं. आणि जगाचा कागदी नकाशा. बोटीचे अक्षांश-रेखांश रोज दुपारी कळतात. मी ते नकाशावर टिंब करून ठेवायचे आणि दोन ओळींच्या ईमेलने बाबांना पाठवायचे. बाबांनी रत्नागिरीच्या घरी भिंतीवर तसाच नकाशा लावला होता. परतल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. टिंब न् टिंब जुळतं, फक्त मॉरिशस आणि केप टाउनच्या मधे बाबांची रेघ दोन दिवस पट्टीने ओढल्यासारखी सरळ गेली आहे. ते दोन दिवस मला बोट लागली होती आणि ईमेल गेला नव्हता.